तिसऱ्या पेडलचा पास्कल

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, मनुष्यजातीच्या ऱ्हासाला सुरुवात झाली ती युद्धांमुळे नव्हे, रोगराईमुळे नव्हे आणि टीव्हीमुळे तर मुळीच नव्हे. मोटारीत पूर्वी तीन पेडलं असत. त्यातलं डावीकडचं कुणीतरी काढून टाकलं, त्या दिवशी ती झाली. ही घोषणा माझी नाही. दुबईच्या अल कुसैस भागातल्या एका गॅरेजचा फोरमन पास्कल याने ती नव्वदच्या दशकात, कोपरापर्यंत लाल तेलाने माखलेले दोन्ही हात वर करून माझ्यासमोर केली. ऐकायला मी, एक मांजर आणि खाली उतरवलेला एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एवढेच हजर होतो. मांजर उठून गेलं. मी राहिलो, आणि पुढची सात-आठ वर्षं राहिलो.

देव प्रत्येकाला एखादी कला देतो. पास्कलला त्याने किळस दिली होती. किळस सगळ्यांनाच येते, पण आपल्याला ती येते आणि जाते. पास्कल ती करत असे, एखादा गवई रियाज करतो तशी. आधी डावी नाकपुडी वर जायची, मग वरचा ओठ, मग मिशीची एक बाजू, आणि शेवटी घशातून एक आवाज यायचा, ज्याला मराठीत अक्षर नाही. टी-बॅगचा चहा पाहून तो म्हणायचा, मेलेला उंदीर शेपटीला धरून बुडवतायत. पाकिटातली कोथिंबीर पाहून म्हणायचा, हॉस्पिटलातनं डिस्चार्ज मिळालेला दिसतोय. बाथरूममध्ये गालिचा घातलेलं एक घर त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं आणि तो प्रसंग जेवताना सांगू नये अशी त्याच्या बायकोची, फिलोमिनाची, सक्त ताकीद होती. तो जेवतानाच सांगायचा.

पण या सगळ्या किरकोळ किळशी. मुख्य किळस ऑटोमॅटिक गाडीची. आणि गंमत अशी की दुबई-शारजात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्यात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. अबुधाबीहून गाड्या यायच्या त्याच्याकडे. ज्या गोष्टीने त्याला ओकारी यायची, तिच्यावरच त्याच्या घरची चूल पेटायची. गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी तो नाकाला रुमाल बांधत असे. त्यातलं लाल तेल त्याला खोकल्याच्या औषधासारखं वाटायचं. "इंजिनाचं तेल बघ कसं काळं, मेहनतीचं," तो सांगायचा, "आणि हे बघ. सरबत. शी." काम झालं की दोनदा साबण लावून हात धुवायचा, आणि तरीही संध्याकाळी जेवणाआधी हाताचा वास घेऊन तोंड वाकडं करायचा.

आमची ओळख झाली ती माझ्या गाडीच्या क्लचची केबल तुटली म्हणून. मी तेव्हा एका एसी कंत्राटदाराच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, राहायला गॅरेजच्या मागच्याच बिल्डिंगीत. गाडी जुनीपुराणी, जपानी, चौथ्या हातची. ढकलत आणली. पास्कलने दार उघडून आत वाकून पाहिलं, खाली तीन पेडलं दिसली, आणि त्याने माझ्यासाठी खुर्ची मागवली. खुर्चीवर फडका मारला. माझं नाव विचारलं. देसाई म्हटल्यावर त्या क्षणापासून मी 'देसाया' झालो. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि आपली डावी पोटरी दाखवली, जी उजवीपेक्षा खरोखरच जाड होती.

"हा पाय मुंबईतल्या ट्रकांनी बनवलाय. ऑटोमॅटिकवाल्यांचा डावा पाय बघशील तर दुधी भोपळा. लोंबकळत असतो नुसता."

ती गाडी विकून मी ऑटोमॅटिक घेणार होतो, आगाऊ रक्कमही देऊन बसलो होतो. त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. सौदा मोडला. पुढे सगळी वर्षं, ट्रॅफिकमध्ये पाय भरून येत असताना, मी ती गाडी पास्कलच्या भीतीने चालवली.

त्याचं म्हणणं सरळ होतं. गाडी माणसाने चालवायची असते. गिअर टाकायला विचार करावा लागतो, पुढे चढ आहे का, समोरचा थांबेल का. गाडीच विचार करायला लागली की माणूस सामान झाला. आणि त्या देशात तर सामान झालेली माणसं चोहीकडे होती. तिकडे एक पद्धत आहे. कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायची, हॉर्न द्यायचा, मग वेटर बाहेर येऊन खिडकीत चहा देतो. खाली उतरायचं नाही. गॅरेजशेजारीच असा कॅफेटेरिया होता, त्यामुळे दिवसभर हॉर्न. एकदा एक पांढरीशुभ्र गाडी बराच वेळ पोंपों करत होती. पास्कल उठला, शांतपणे जाऊन पलीकडचं दार उघडलं, त्या अनोळखी तरुणाशेजारी सीटवर जाऊन बसला आणि स्वतःच हात लांब करून हॉर्न दाबून धरला. सोडेचना. त्या तरुणाला प्रेमाने सांगत होता, बजाओ, बजाओ, पूरा बिल्डिंग चाय पियेगा. शेवटी तो तरुण गाडीतून उतरला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काउंटरपर्यंत चालत गेला. पास्कल गाडी बंद करून, किल्ली त्याच्या हातात देऊन परत आला. "पाय आहेत त्याला," मला म्हणाला, "मी बघितले."

आता मुख्य कथा. पास्कलने नोकरी सोडून आपल्या गावी, वसईला, कायमचं परतायचं ठरवलं, त्या शेवटच्या वर्षातली.

एके सकाळी बंद गाड्या वाहून आणणाऱ्या रिकव्हरीच्या गाडीवरून एक मोटार आली. साठच्या दशकातली, अमेरिकन, दोन दारांची, गडद हिरवी. नाक एवढं लांब की ड्रायव्हरला पुढचा दिवा पाहायचा तर पत्र लिहावं लागेल. आठ सिलिंडर. सुरू केली की शेजारच्या टायरवाल्याचा पत्रा थरथरायचा. आणि अशा त्या राक्षसिणीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पास्कलने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आपण बड्या घरात दिलेल्या पण नाखूश दिसणाऱ्या भाचीकडे पाहतो.

मागून मालक आले. अबू राशिद, म्हणजे राशिदचे वडील. तिकडे थोरल्या मुलाच्या नावावरून बापाला हाक मारायची रीत आहे. साठीचे, सरकारी खात्यातून निवृत्त, पांढरा स्वच्छ पायघोळ कंदुरा, मेंदी लावलेली दाढी. गल्फमधल्या जुन्या माणसांची असते तशी हिंदी बोलायचे. ते म्हणाले, ह्याचा ऑटोमॅटिक काढा आणि मॅन्युअल बसवा. पास्कलने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि वर सहज म्हणाले की ऑटोमॅटिक म्हणजे गाडी नव्हे, खुर्ची आहे.

पास्कलने डोक्यावरची टोपी काढली. मी तिथे होतो, म्हणून सांगतो. पंचवीस वर्षं त्या देशात काढल्यावर त्याला आपल्या धर्माचा माणूस भेटला होता.

काम चार महिने चाललं. मॅन्युअल गिअरबॉक्स अमेरिकेहून बोटीने आला. पेडलं पास्कलने शारजाच्या भंगारबाजारात तीन शुक्रवार फिरून मिळवली, सकाळची चर्चमधली मिस्सा झाली की तसाच इस्त्रीच्या शर्टात. गाडीच्या तळात गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडायचं होतं. ते कुठे पाडायचं याच्या खडूच्या खुणा तो दोन दिवस करत आणि पुसत होता. इंजिनाच्या टोकाशी एक छोटा पितळी बुश लागतो, बोटाच्या पेराएवढा. ऑटोमॅटिकमध्ये तो नसतोच, म्हणून गाडी बदलताना लोक तो विसरतात, आणि वर्षभरात नवा गिअरबॉक्स रडायला लागतो. पास्कलने तो स्वतः लेथवर घडवला. पहिला फेकला, दुसरा फेकला, तिसरा बसवला. फिलोमिना मला म्हणाली, "भाऊ, पंचवीस वर्षांच्या संसारात ह्याने माझ्याकडे एवढं निरखून नाय बघितलं." पास्कल ऐकत होता. म्हणाला, तू पहिल्या झटक्यात बरोबर बसलीस.

एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. ऑटोमॅटिक गाडी दांडा पार्किंगवर किंवा न्यूट्रलवर असल्याशिवाय सुरूच होत नाही, तशी आत एक कळ असते. दांडाच गेला तर कळ कुठली. तेव्हा पास्कलने तिच्या दोन तारा एकत्र जोडून टाकल्या. आता गाडी कधीही, कुठल्याही गिअरमध्ये असताना किल्लीने सुरू होऊ शकत होती. मॅन्युअलवाल्याला त्याचं काही वाटत नाही. तो बसल्याबसल्या डावा पाय क्लचवर ठेवतो, गिअरचा दांडा हलवून पाहतो, मगच किल्ली फिरवतो. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

गाडी न्यायला अबू राशिद यायचे त्या दिवशी पास्कलने ती धुऊन पुसून कॅफेटेरियाकडे तोंड करून उभी केली. आणि हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली. वसईत, मुंबईत तो आयुष्यभर तसंच करत आला होता. त्याचं वचनच होतं: हँडब्रेक म्हणजे नवऱ्याचा शब्द, गिअर म्हणजे बायकोचा. ढळत नाही.

अबू राशिद आत बसले. दोन्ही पाय आरामात पसरले. बिस्मिल्ला म्हटलं आणि किल्ली फिरवली.

गाडीने उडी मारली. आठही सिलिंडर एकदम जागे झाल्यावर मारते तशी. प्लास्टिकच्या सहा खुर्च्या, एक टेबल आणि थंड पेयांच्या बाटल्यांचा क्रेट एवढं पार करून ती कॅफेटेरियाच्या पायरीला टेकून बंद पडली. सुदैवाने खुर्च्यांवर कुणी नव्हतं. तिकडचे लोक चहा गाडीत बसून पितात, हे पहिल्यांदाच कुणाच्या तरी कल्याणाचं ठरलं.

पास्कल धावत गेला. बंपरवरचा ओरखडा पाहिला, मग खिडकीत वाकला आणि विचारलं, क्लच क्यों नहीं दबाया? अबू राशिद अजून स्टिअरिंगला धरून होते. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, "क्लच कौनसा?"

मग सगळं बाहेर आलं. अबू राशिदनी जन्मात मॅन्युअल गाडी चालवली नव्हती. त्यांची तीन मुलं ही गाडी न विचारता घेऊन जायची आणि वाळूत रुतवून आणायची. मुलांना फक्त ऑटोमॅटिक येतं. गाडी मॅन्युअल केली की मुलांचा हात लागणार नाही, एवढाच त्यांचा बेत. खुर्चीबद्दलचं ते वाक्य? ते त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आणि आपण स्वतः? आपण शिकू हळूहळू, इन्शाल्ला. नाहीच जमलं तर जुना गिअरबॉक्स त्यांनी खोक्यात भरून घरी ठेवलाच होता, तो परत बसवता येईल.

ती नाकपुडी वर जाताना मी अनेकदा पाहिली होती. त्या दिवशी ती गेली आणि खाली यायची विसरली. पास्कलने आत हात घातला, किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. गॅरेजचा मॅनेजर केबिनमधून हे पाहत होता. तो रंगाने बराच फिका पडला. नंतर त्याने पास्कलला आत बोलावून सांगितलं की माणूस लोकल आहे, मोठा आहे, गाडी त्याची आहे, किल्ली दे आणि खलास कर. पास्कल म्हणाला, देतो. चढावर गाडी मागे न सरकवता उचलून दाखवली की देतो.

मला त्याने गॅरेजच्या मागे नेऊन हिशेब समजावला. तीन आठवड्यांनी त्याचं विमान होतं, व्हिसा रद्द करायचे कागद गेले होते. "हा माणूस आठ दिवसांत क्लच जाळणार, देसाया. त्याचा वास येणार. पोरं हसणार. मग हा कुणाला तरी बोलावून माझी गिअरची पेटी काढणार आणि ते सरबत परत भरणार. मी तिकडे वसईत, आणि इकडे ती परत खुर्ची." एवढ्या बोलण्यात एकही शिवी नव्हती, याची मला भीती वाटली.

अबू राशिद रागावतील अशी सगळ्यांची खात्री होती. पण खुर्च्या उडाल्याची बातमी त्यांच्या मुलांपर्यंत पोचली होती आणि राशिद घरी फार हसला होता. दुसऱ्या दिवशी असरची, म्हणजे दुपार उतरतानाची नमाज आटोपून अबू राशिद आपणहून आले आणि म्हणाले, सिखाओ.

गोदामांच्या मागे वाळूचं मोकळं मैदान होतं. तिथे रोज तास दीड तास ती शाळा भरायची. मागच्या अरुंद सीटवर साक्षीदार म्हणून मी. पास्कलने पहिल्याच दिवशी त्यांना चपला काढायला लावल्या. क्लच पायाच्या तळव्याने ऐकायचा असतो, जोड्यातून ऐकू येत नाही. अबू राशिदना हे पटलं; मशिदीतही काढतोच, ते म्हणाले. त्यांचे गोरे, गुबगुबीत पाय पेडलवर आले तेव्हा पास्कलने मागे वळून मला मराठीत विचारलं, "पाय हायत की बेकरीतले पाव?"

शिव्या सगळ्या मराठीत असायच्या, सूचना हिंदीत. हिंदीत तो म्हणायचा, बाबा, धीरे छोडो. लगेच मराठीत, माझ्याकडे पाहत: हा क्लच सोडतोय की कोंबडी? गाडी झटके खायची, बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. जळक्या क्लचचा वास आला की पास्कल खिडकीबाहेर डोकं काढून थुंकायचा. किळशीची ती सारी नवी रूपं पाहून माझा जीव हरखायचा. अबू राशिद घामाने भिजायचे, पण उठायचे नाहीत. एकदा सलग अकरा वेळा गाडी बंद पडल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि अरबीत स्वतःलाच काहीतरी बोलले. पास्कलने काही क्षण वाट पाहिली. मग त्याने स्वतःचे बूट काढले, मोजे काढले, पलीकडे वाकून आपला जाड डावा पाय त्यांच्या पायावर ठेवला, आणि दोन्ही पायांनी मिळून त्याने क्लच हळूहळू वर येऊ दिला. गाडी तुपासारखी निघाली. मी मागे बसून वाळूकडे पाहत राहिलो, कारण कधीकधी पाहू नये असंही असतं.

परीक्षा ठेवली ती विमानाच्या आदल्या दिवशी, कारण त्याआधी काही जमेचना. एका गोदामाचा माल चढवायचा उतार होता. खालून वर जायचा आणि वर थेट रस्त्याला मिळायचा. गाडी अर्ध्या चढावर थांबवायची आणि मागे न सरकता उचलायची. आपल्याकडे मास्तर अशा वेळी मागच्या चाकामागे काडेपेटी ठेवतात. चिरडली तर नापास. मॅनेजरने काडेपेटी दिली. पास्कलने ती त्याला परत केली आणि स्वतः जाऊन गाडीच्या मागे, बंपरपासून वीतभर अंतरावर, पाय रोवून उभा राहिला. काडेपेटीची माया कुणाला वाटते, तो म्हणाला.

फिलोमिना पर्स छातीशी धरून उभी होती. "उद्या विमान, आणि हा आज गाडीखाली," ती मला म्हणाली. मला पुढच्या सीटवर बसवलं होतं, आणि बजावलं होतं की हँडब्रेकला हात लावशील तर तो हात वसईला घेऊन जाईन.

अबू राशिदनी आरशात पाहिलं. आरशात पास्कलचं डोकं होतं, दुसरं काही नाही. त्यांचा अनवाणी पाय पेडलवर हलके हलके वर येत होता. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला. त्यांनी मान तिरकी केली, ऐकलं. ब्रेक सोडला. गाडी जागच्या जागी, दोन श्वास, लटकून राहिली. केसभरही मागे गेली नाही. मग तिने नाक उचललं आणि चढ चढू लागली.

मी पास्कलला शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही क्षणांनी. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान सकाळी होतं, मी ऑफिसात होतो. पण ते पाहणं मला पुरलं आहे. आम्ही वर रस्त्यावर आलो आणि अबू राशिद थांबलेच नाहीत. लहान मुलासारखे हसत, यल्ला यल्ला करत, पहिल्याच गिअरमध्ये शारजाच्या दिशेने सुसाट निघाले. इंजिन डुकरासारखं किंचाळत होतं. मी मागे वळून पाहिलं. उताराच्या माथ्यावर पास्कल आला होता आणि दोन्ही हात डोक्यावर मारत आमच्यामागे पळत होता, त्या जाड पोटरीवर जोर देत, नाकपुडी पार कपाळाला भिडलेली. अबू राशिदनी आनंदाने विचारलं, पास्कल क्या बोलता है? मी म्हटलं, मुबारक बोलता है. पण तो पन्नास मॅनेजरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता:

"अरे दुसरा टाक, गाढवा, दुसरा!"